नवा रंग नको, आधी नेटकोड द्या

जून २०२१ मध्ये सेगाने 'व्हर्चुआ फायटर ५ अल्टिमेट शोडाउन' हा मारामारीचा, म्हणजे फायटिंग गेम सोनीच्या पीएस ४ वर आणला. म्हटलं तर नवा गेम, म्हटलं तर अकरा वर्षांचा जुना. आतली मारामारी २०१० साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आलेल्या 'फायनल शोडाउन'चीच होती, वरचा साज तेवढा नवा. याकुझा मालिका करणाऱ्या ऱ्यू गा गोतोकु स्टुडिओने आपल्या ड्रॅगन इंजिनात सगळी पात्रं, आखाडे आणि प्रकाश नव्याने उभे केले होते. पीएस प्लसच्या सभासदांना तो महिन्याच्या गेममध्ये मिळाला, त्यामुळे ज्यांनी ही मालिका कधी हातात धरली नव्हती तेही आत शिरले. आणि मग नेटवर परदेशातल्या खेळाडूशी सामना लागला की बटणं उशिरा लागून हात बांधल्यासारखे व्हायचे.

साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, तोच गेम 'रेवो' असं शेपूट लावून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, आला. चित्रं ४के झाली, चालींच्या ताकदीची डागडुजी झाली. लोकांनी उचलून धरलं ते मात्र रोलबॅक नेटकोडला. नेटकोड म्हणजे नेटवर दोघांचा सामना जुळवून चालवणारा गेमचा भाग, आणि रोलबॅक ही त्याची एक पद्धत; ती पुढे येईलच. 'एकच गेम किती वेळा विकाल?' म्हणून नाक मुरडणारेही होते, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण जुन्या फायटिंग गेमची सुधारित आवृत्ती काढावी का, आणि काढली तर नेमकं काय सुधारावं, हे समजून घ्यायला या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणं पुरेसं आहे.

आधी फ्रेम म्हणजे काय ते पाहू, कारण या गेमचं सगळं गणित तिथेच आहे. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक चाल किती फ्रेमनंतर लागते, किती फ्रेम धोकादायक असते आणि मारून झाल्यावर हात-पाय जागेवर यायला किती फ्रेम लागतात, हे ठरलेलं असतं. व्हर्चुआ फायटरमधला साधा ठोसा बाराएक फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंदांत. माणसाला काहीतरी दिसून बोट हलायला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. ठोसा दिसल्यावर तो अडवणं जवळपास अशक्य. म्हणूनच मुरलेले खेळाडू डोळ्यांपेक्षा हिशेबावर खेळतात: आत्ता समोरचा माझ्यापेक्षा पाच फ्रेम मागे आहे, दोघांनी एकदम ठोसा मारला तर माझाच आधी लागणार, हे त्याला माहीत आहे, मग तो बसेल की सरकेल?

सावकाश चालींचं वेगळं. समजा एखादी लाथ लागायला २० फ्रेम घेते, म्हणजे ३३३ मिलिसेकंद. प्रतिक्रियेला २३० गेले तर हातात उरतात शंभरेक, म्हणजे सहा फ्रेम. त्यातल्या तीन-चार कंट्रोलर, यंत्र आणि टीव्ही मिळून खातात. आता इंटरनेटने आणखी तीन फ्रेम खाल्ल्या, तर जी लाथ शेजारी बसलेल्या मित्राविरुद्ध तुम्ही रोज अडवता ती नेटवर अडवताच येत नाही. गेम दिसायला तोच, पण पडद्यावर पाहून खेळण्याचा भाग त्यातून गळून गेला. सेगाला हे फार आधीपासून कळत होतं. २००७ साली 'व्हर्चुआ फायटर ५' पीएस ३ वर आला तेव्हा त्यात नेटवर खेळायची सोयच ठेवली नव्हती आणि त्याचं दिलेलं कारण हेच होतं: इतक्या काटेकोर वेळेच्या गेमला लॅग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, सोसणार नाही. त्याच वर्षी आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या आवृत्तीत ती सोय दिली गेली.

नेटवर दोन यंत्रांनी एकच सामना चालवायचा तर दोघांकडे दोघांची बटणं पोहोचली पाहिजेत. जुनी पद्धत सरळ आहे. समोरच्याचं बटण येईपर्यंत थांबायचं, आणि अन्याय नको म्हणून तुमचं स्वतःचं बटणही तेवढंच उशिरा लागू करायचं. याला डिले पद्धत म्हणतात. एका बाजूने ५० मिलिसेकंद लागत असतील तर दोघांनाही तीन फ्रेमचा उशीर. उशीर दोघांना सारखा असल्याने कोणाचा ठोसा आधी लागणार हा हिशेब बिघडत नाही. बिघडतो तो हाताचा अंदाज. त्यात नेटचा वेग कधीच एकसारखा नसतो. तीन फ्रेमची सवय लागते न लागते तोच कोणीतरी घरात व्हिडिओ लावतं आणि तीनाच्या सहा होतात. पाठ झालेला कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या चालींची माळ, मधेच तुटतो. उशीर मोठा असला तरी स्थिर असेल तर माणूस जुळवून घेतो. बदलणाऱ्या उशिरापुढे सराव हरतो.

रोलबॅक थांबत नाही. तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो. टपरीवरचा चहावाला नेहमीचं गिऱ्हाईक येताना दिसलं की न विचारता कटिंग ओततो, तसंच हे. शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर असतं, एखाद्या दिवशी 'आज कॉफी' म्हटलं की पेला मागे घेतो. गेमचा अंदाज तर याहून सोपा: मागच्या फ्रेमला समोरच्याने जे दाबलं होतं तेच तो या फ्रेमलाही दाबून आहे असं धरायचं. सेकंदाला ६० फ्रेम असल्या तरी बोटं काही सेकंदाला ६० वेळा हलत नाहीत, त्यामुळे बहुतेक फ्रेमना हा अंदाज खरा ठरतो. खरं बटण मागाहून पोहोचलं आणि वेगळं निघालं, तर गेम दोन-चार फ्रेम मागे जातो, खऱ्या बटणानिशी त्या फ्रेम पुन्हा मोजतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आजच्या क्षणाला परत येतो. तुम्हाला दिसते ती समोरच्याच्या चालीची सुरुवात किंचित कापलेली. तुमचं स्वतःचं बटण मात्र नेहमी सारख्याच वेळी लागतं, आणि सराव टिकतो तो यामुळे.

पुण्या-मुंबईत बसून खेळणाऱ्याला हा फरक जपानी खेळाडूपेक्षा जास्त जाणवतो. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. टोकियो ६,७०० किलोमीटर, म्हणजे ६७. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, याच्या दीडपट-दुप्पट धरावा. कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी हे अंतर कमी होणार नाही. व्हर्चुआ फायटर खेळणारी माणसं आपल्या गावात दोन-चार असतील तर नशीब. सामना लागणार तो बाहेरच्याशीच. टोकियोच्या खेळाडूला टोकियोतच हजार प्रतिस्पर्धी सापडतात, त्याला डिले पद्धत चालून जाते. जगभर विखुरलेल्यांना नाही.

मग रोलबॅक २०२१ मध्येच का नाही घातलं? सेगाच्या बैठकीत काय बोलणं झालं ते आपल्याला ऐकू येण्यासारखं नाही, पण तांत्रिक अडचण समजून घेता येते. मागे जायचं तर गेमला प्रत्येक फ्रेमची पूर्ण स्थिती साठवता यायला हवी: कोण कुठे उभं आहे, कोणाची किती ताकद उरली, कुठली चाल कितव्या फ्रेमवर आहे. मग ती तशीच्या तशी परतही आणता यायला हवी. शिवाय सात फ्रेम मागे गेलं तर त्या सातही फ्रेमचं गणित १६.७ मिलिसेकंदांत उरकायला हवं. मॉर्टल कॉम्बॅटवाल्या नेदररेल्मच्या मंडळींनी २०१८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचं नावच '१६ मिलिसेकंदांत ८ फ्रेम' असं होतं. त्यांनी 'मॉर्टल कॉम्बॅट एक्स' बाजारात आल्यानंतर त्यात रोलबॅक घातलं होतं. अवघड असतं ते यासाठी की बहुतेक गेममध्ये मारामारीचं गणित, चित्र, आवाज, उडणारी धूळ हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. फ्रेम पुन्हा मोजताना ठोशाचा आवाज दोनदा वाजून चालत नाही. आणि एकाच बटणांवरून दोन्ही यंत्रांनी शेवटच्या दशांशापर्यंत सारखंच उत्तर काढलं पाहिजे, नाहीतर एकाच्या पडद्यावर तो जिंकतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर दुसरा.

यातून एक उलटी गोष्ट निघते. गेम जितका जुना, तितकं रोलबॅक सोपं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'चं आर्केड बोर्ड इतकं लहान होतं की आजचा संगणक त्याची अख्खी नक्कल, म्हणजे इम्युलेशन, सहज करतो. त्याच्या सगळ्या मेमरीचा फोटो काढून ठेवायला काही शे किलोबाइट पुरतात. गेमच्या आत काय गुंता आहे याच्याशी देणंघेणंच नाही, सगळं यंत्रच मागे न्यायचं. व्हर्चुआ फायटर ५ चं मूळ बोर्ड, सेगाचं लिंडबर्ग, म्हणजे पेंटियम ४ चा लिनक्सवर चालणारा पीसीच. तो असा खिशात घालता येत नाही. तिथे आतलं कोड उकलूनच काम करावं लागतं. साधारण २००५ ते २०१५ मधले फायटिंग गेम म्हणूनच सगळ्यात वाईट पेचात आहेत, इम्युलेशनसाठी फार मोठे आणि रोलबॅकचा विचार करून लिहिलेले नाहीत. तरी काही जण सुटले. आर्क सिस्टिम वर्क्सने 'गिल्टी गिअर ॲक्सेंट कोअर प्लस आर'मध्ये २०२० साली रोलबॅक घातलं आणि २०२२ मध्ये 'ब्लेझब्लू सेंट्रलफिक्शन'मध्येही. 'किंग ऑफ फायटर्स १३' हा २०२३ च्या शेवटी रोलबॅकसह 'ग्लोबल मॅच' होऊन आला.

गंमत अशी की फायटिंग गेममधलं रोलबॅक मुळात एका वाईट पुनर्प्रकाशनाच्या रागातून जन्मलं. २००६ साली 'स्ट्रीट फायटर २ हायपर फायटिंग' एक्सबॉक्स ३६० वर आला. त्याचं नेटवरचं खेळणं इतकं रडकं होतं की इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक, टोनी कॅनन, यांनी स्वतःच उपाय लिहायला घेतला. त्याचं नाव जीजीपीओ. २०११ मध्ये 'स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक'च्या ऑनलाइन आवृत्तीत तो अधिकृतपणे आला, २०१२ च्या 'स्कलगर्ल्स'मध्ये आला, आणि २०१९ मध्ये त्याचं कोड सगळ्यांसाठी खुलं झालं. आज फाइटकेड या ऑनलाइन मंचावर हौशी मंडळी त्याच तंत्राने जुने आर्केड गेम खेळतात. कंपनीच्या विकतच्या आवृत्तीपेक्षा हौशी लोकांची फुकट सोय चांगली असेल तर विकत कोण घेणार? २०२१ नंतर जुने गेम काढणाऱ्या कंपन्या रोलबॅकचं नाव जाहिरातीत आधी घ्यायला लागल्या त्यामागे हा धाकही असावा असं मला वाटतं.

आपल्याकडच्या वाचकांना यातली दोन नावं जवळची असतील. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून ज्यांनी बालपण घालवलं त्यांच्यासाठी 'किंग ऑफ फायटर्स ९७' म्हणजे देवघरच. तो २०१८ मध्ये 'ग्लोबल मॅच' नावाने नेटवर खेळायच्या सोयीसह आला. पुढे ही मालिका काढणाऱ्या एसएनकेने '९८' आणि '२००२' यांच्या 'अनलिमिटेड मॅच' आवृत्त्यांना रोलबॅक दिलं. दुसरं नाव टेकन ३. डिसेंबर २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या यंत्रात सोनीने तो घातला खरा, पण युरोपातली पाल आवृत्ती घातली, सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेमची. आजचे टीव्ही ६० वर चालतात, त्यामुळे पन्नास चित्रं साठ जागांत बसवताना हालचाल झटके खात जाते. एडी हे पात्र घेऊन बटणं कशीही बडवणाऱ्याला फरक पडणार नाही. पण ज्याने जिन या पात्राचे कॉम्बो साठच्या तालावर पाठ केलेत त्याच्या बोटांना हा गेम परका वाटतो. चित्र जुनं, यंत्र नवं, आणि ज्या एका गोष्टीला हात लावायचा नव्हता तिलाच हात लागला.

चालींची ताकद बदलावी का, हा दुसरा नाजूक भाग. २००८ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो एचडी रीमिक्स'मध्ये चित्रं पूर्ण नव्याने काढली होती आणि पात्रांचा समतोलही बदलला होता, एके काळी स्पर्धा खेळलेल्या डिझायनरने, मनापासून. तरी जुन्या खेळाडूंपैकी बरेच जण १९९४ च्या मूळ गेमलाच धरून राहिले. त्यात हट्ट आहेच, पण नुसता हट्ट नाही. चौदा वर्षं लोकांनी ज्या खाचाखोचा शोधल्या, ज्या कमजोर पात्राने जिंकण्यात शान मानली, ते सगळं नव्या आकड्यांनी पुसलं जातं. या गेममध्ये चुकासुद्धा वारसा होतात. कॉम्बो ही कल्पनाच 'स्ट्रीट फायटर २' बनवताना नकळत निर्माण झाली होती. एका चालीतून दुसरी जोडता येते हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते राहू दिलं. 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २'मध्ये लोळण मधेच तोडून अभेद्य चाल काढण्याचा रोल कॅन्सल हा बग होता. नंतरच्या 'ईओ' आवृत्तीतून तो काढला, पण जाणकारांचा स्पर्धेतला खेळ बगवाल्या आवृत्तीवरच चालला.

यावर मला पटलेला तोडगा २०१४ च्या 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'मध्ये आहे. तिथे एडिशन सिलेक्ट होतं: तुमचं पात्र कुठल्या सालच्या आवृत्तीतलं हवं ते निवडा. मूळ गेम जसाच्या तसा हवा, आणि बदल हवे असतील तर शेजारच्या दाराने. 'रेवो'ने मूळ समतोल बदलला ही माझी त्याच्याबद्दलची एकमेव कुरकुर. ते बदल वाईट नाहीत, पण २०१० चा 'फायनल शोडाउन' मेनूत एक पर्याय म्हणून राहायला हवा होता.

आणि काही गेम केवळ कागदपत्रांत अडकतात. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २', ५६ पात्रांचा, सन २००० चा. २००९ मध्ये पीएस ३ आणि एक्सबॉक्सवर डाउनलोडसाठी आला, २०१३ च्या शेवटी मार्व्हलच्या परवान्याची मुदत संपल्यावर दुकानातून गायब झाला. पुढची दहाएक वर्षं तो कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांत विकत घेताच येत नव्हता. २०२१ मध्ये खेळाडूंनी मोहीम काढली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो रोलबॅकसह संग्रहात परत आला. 'सोलकॅलिबर २'च्या तीन कन्सोलवर लिंक, स्पॉन आणि हेहाची अशी दुसरीकडून आणलेली तीन वेगळी पाहुणी पात्रं होती. २०१३ च्या एचडी आवृत्तीत स्पॉन आणि हेहाची आले, निन्टेंडोचा लिंक आला नाही.

मूळ यंत्रं जपून ठेवली की झालं, असं म्हणणाऱ्यांना कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाची गोष्ट सांगावी. नकला होऊ नयेत म्हणून त्याची किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. संग्राहक त्याला आत्मघाती बॅटरी म्हणतात.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे. पुन्हा पैसे द्यावे लागतात ही तक्रार खरी आहे. कॅपकॉमने १९९१ ते १९९४ मध्ये 'स्ट्रीट फायटर २'च्या पाच आर्केड आवृत्त्या काढल्या, तिथपासून ही खोड या व्यवसायाला आहे. त्याहून मोठा तोटा असा की प्रत्येक नवी आवृत्ती आधीच थोड्या असलेल्या खेळाडूंना विभागते. पीएस ४ वर २०२१ ची मंडळी, स्टीमवर २०२५ ची, आणि दोघांना एकमेकांशी खेळता येत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'वर्ल्ड स्टेज' नावाने हा गेम पीएस ५ आणि एक्सबॉक्सवर क्रॉसप्लेसह, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांना एकमेकांशी खेळायच्या सोयीसह, आला तेव्हा नव्या आवृत्तीपुरती ही भिंत पडली. हे पहिल्याच वेळी करता आलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

व्हर्चुआ फायटरच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. पहिला गेम सॅटर्न कन्सोलवर आला तो इतका ओबडधोबड की १९९५ मध्ये सेगाने 'व्हर्चुआ फायटर रीमिक्स' काढला, आणि अमेरिकेतल्या नोंदणीकृत सॅटर्नधारकांना तो टपालाने फुकट पाठवला. चूक आपली असेल तर दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढी रीत तेव्हा होती.

सेगा आता मालिकेचा नवा भाग करते आहे. दरम्यान मला विचाराल तर हात लावावा तो चौथ्या भागाला. 'व्हर्चुआ फायटर ४ इव्होल्यूशन'चा पीएस २ वरचा प्रशिक्षण विभाग आजही फायटिंग गेम शिकवण्याचा नमुना म्हणून दाखवला जातो, तर २००४ चा 'फायनल ट्यून्ड', म्हणजे त्या भागाचं सर्वात परिपक्व रूप, तेव्हा आर्केडबाहेर पडलाच नाही. त्याच्या मूळ आर्केड यंत्रातल्या नाओमी २ बोर्डाचं इम्युलेशन आता होऊ शकतं. त्यावर रोलबॅक आणि क्रॉसप्ले घालावा, 'इव्होल्यूशन'ची ती शिकवणी जोडावी. पात्रांचे चेहरे २००४ सालचेच ठेवले तरी माझी काही हरकत नाही.